सेंट अँड्रूजचा वीरगळ : धाकटा टॉम मॉरिस

ओलावारा

आई मे महिन्यात नाशिकहून आली होती. एडिंबऱ्याचा किल्ला पाहून झाला, पावसात भिजून झालं, मग एका रविवारी सेंट अँड्रूजला गेलो. ल्यूकर्स स्टेशनात उतरायचं आणि पुढे बस. मला तिथलं गोल्फचं मैदान बघायचं होतं, आईला समुद्र. दोन्हींच्या आधी आम्ही जुन्या कॅथीड्रलच्या आवारात शिरलो, कारण वारा असह्य होता आणि आडोसा तेवढाच दिसत होता.

कॅथीड्रल म्हणजे आता चार भिंती आणि आभाळ. आवार कबरींनी भरलेलं. भिंतीला लागून एक उंच दगडी स्मारक आहे आणि त्याच्या कोनाड्यात एक तरुण पोरगा कोरलाय. अंगात कोट, डोक्यावर चपटी स्कॉटिश टोपी, दोन्ही हातांत काठी, नजर खाली चेंडूवर. पुढच्या क्षणी मारणार असं वाटतं. पायथ्याशी कोणीतरी दोन चेंडू आणि काही लाकडी टी (चेंडू ठेवायच्या खुंट्या) ठेवून गेलं होतं. एक टी मधोमध मोडलेली.

आईने चष्मा पुसला, जवळ जाऊन निरखून पाहिलं आणि म्हणाली, "अरे, हा तर वीरगळ. फक्त तलवारीच्या जागी काठी आहे."

मला तोवर हे सुचलंच नव्हतं. पण खरंच, गावाबाहेर शेंदूर फासून उभे असतात त्यातलाच हा एक. हा वीर आहे धाकटा टॉम मॉरिस, म्हणजे टॉमी. 20 एप्रिल 1851 ला जन्मला, 25 डिसेंबर 1875 ला गेला. वय वर्षं 24.

गोल्फ हा आपल्याकडे साहेबाचा आणि साहेबाच्या साहेबाचा खेळ. त्यामुळे आधी एक सांगतो. टॉमीचा बाप थोरला टॉम मॉरिस हा साहेब नव्हता. तो ज्याच्या हाताखाली तयार झाला तो अ‍ॅलन रॉबर्टसन चेंडू बनवायचा. टोपीभर पिसं उकळून मऊ करायची, चामड्याच्या इवल्या पिशवीत ठासायची, शिवायचं आणि रंग द्यायचा. दिवसाला तीन-चार चेंडू झाले तर खूप. धनिक मंडळी पैजा लावायची आणि रॉबर्टसन, मॉरिससारखे कारागीर त्यांच्यासाठी खेळायचे. पैज जिंकली की खुशीने हातावर काय ठेवतील ते घ्यायचं. कोंबड्यांच्या झुंजीत कोंबड्याला विचारत नाहीत, तसंच.

पुढे थोरल्याचं रॉबर्टसनशी बिनसलं (त्याला कारण एक झाडाचा चीक, त्याबद्दल कोणी विचारलं तर लिहीन) आणि 1851 मध्ये तो तान्ह्या टॉमीला घेऊन पश्चिम किनाऱ्यावर प्रेस्टविकला गेला. तिथलं मैदान आखायचं आणि राखायचं काम त्याला मिळालं. बारा होलचं मैदान. 1859 मध्ये रॉबर्टसन वारला तेव्हा सर्वांत चांगला खेळाडू आता कोण, असा प्रश्न पडला. तो सोडवायला 17 ऑक्टोबर 1860 ला प्रेस्टविकला आठ जण खेळले. आज ज्याला आपण ब्रिटिश ओपन म्हणतो ती ही. बारा होलच्या तीन फेऱ्या, सगळं एका दिवसात. विली पार्क 174 फटक्यांत जिंकला, थोरला टॉम 176 वर दुसरा. बक्षीस होतं लाल चामड्याचा, चांदीच्या बकलाचा पट्टा. तो वर्षभर मिरवायचा आणि परत करायचा. लागोपाठ तीनदा जिंकलात तर कायमचा तुमचा.

थोरल्याने 1861, 62, 64 आणि 67 असा चारदा तो जिंकला, पण सलग तीनदा काही जमलं नाही. आणि मग पोरगा आला.

पोराला बापाने एअर गावातल्या अकॅडमीत घातलं होतं, म्हणजे बऱ्या घरच्या मुलांच्या शाळेत. ना त्याने कोणाच्या काठ्या वाहिल्या, ना चेंडू शिवले. 1864 मध्ये, तेराव्या वर्षी, पर्थच्या एका सामन्यात त्याने तिथल्या मुलाला हरवलं आणि पाच पौंड घेऊन घरी आला. सोळाव्या वर्षी कार्नूस्टीला विली पार्कसकट मोठमोठ्यांना हरवलं. 1868 मध्ये सतराव्या वर्षी ओपन जिंकला. दुसरा आला त्याचा बाप. इतक्या लहान वयात ती स्पर्धा आजवर कोणी जिंकलेली नाही. 1869 मध्ये पुन्हा, त्यात एका होलला एकाच फटक्यात चेंडू आत. ओपनच्या इतिहासातली ती पहिली नोंद.

आता 1870. माझ्या लेखी टॉमीचं खरं स्मारक त्या दिवशीचा पहिला होल आहे. लांबी 578 यार्ड, म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून जास्त. हातात हिकरीच्या लाकडाची काठी, चेंडू चिकाचा, दगडासारखा. चांगल्या खेळाडूला तिथे सहा फटके लागत. टॉमीने तीन घेतले. बाकीच्यांनी तेव्हाच घरी जायला हरकत नव्हती. 36 होल 149 फटक्यांत, दुसऱ्यापेक्षा 12 ने कमी. ओपन 36 होलची होती तोपर्यंत, म्हणजे पुढची वीस वर्षं, हा आकडा कोणाला गाठता आला नाही.

पट्टा घरी गेला. आता द्यायला बक्षीसच उरलं नाही, म्हणून 1871 मध्ये स्पर्धाच झाली नाही! मग तीन क्लबांनी प्रत्येकी दहा पौंड घातले आणि चांदीची सुरई करायला टाकली. हीच ती क्लॅरेट जग. 1872 च्या स्पर्धेपर्यंत ती तयार नव्हती, त्यामुळे टॉमीला पदकावर भागवावं लागलं. पण सुरईवर पहिलं नाव त्याचंच कोरलेलं आहे.

पुढची गोष्ट कुठेही वाचायला मिळते, म्हणून थोडक्यात उरकतो. नोव्हेंबर 1874 मध्ये त्याने मार्गारेट ड्रिननशी लग्न केलं. खाणकामगाराची मुलगी, वयाने त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. सप्टेंबर 1875 मध्ये बापलेक नॉर्थ बेरिकला पार्क बंधूंविरुद्ध खेळत असताना तार आली की मार्गारेट बाळंतपणात अत्यवस्थ आहे. फोर्थची खाडी ओलांडायला एका गृहस्थाने आपली शिडाची नाव दिली. दुसऱ्या तारेत आई आणि बाळ दोघंही गेल्याचं होतं. नाताळच्या सकाळी टॉमी अंथरुणात मेलेला सापडला.

सगळीकडे लिहिलेलं असतं, हृदय तुटून मेला. माझी तक्रार नेमकी ही आहे. ज्या पोराने खेळून पोट भरायचा धंदा उभा केला, त्याला आपण शेवटच्या तीन महिन्यांच्या रडकथेत बसवून टाकलंय.

मोडी_अक्षर

सुंदर धागा. आईंना दंडवत, वीरगळाची उपमा फिट्ट बसली. पण मग वीरगळाचे खालचे-वरचे टप्पे कुठे? खाली लढाई, मध्ये अप्सरा उचलून नेतायत, वर शिवलिंगापुढे वीर बसलाय, शिरोभागी चंद्रसूर्य. इथे नुसतीच लढाई दिसते.

ओलावारा

@मोडी_अक्षर, चंद्रसूर्य नाहीत, प्रॉटेस्टंट माणसं ती. अप्सरांचा तर विचारही नको. खाली लेख मात्र आहे. सार असं की त्याने लागोपाठ तीनदा विजेत्याचा पट्टा जिंकला आणि तो स्पर्धकाविना, तरीही कोणाच्या असूयेविना राखला, त्याच्या गुणी स्वभावाला खेळाइतकाच मान होता. 1878 मध्ये स्मारक उभं राहिलं, शिल्पकार जॉन ऱ्हाइंड. खर्च साठ गोल्फ मंडळांनी वर्गणी काढून केला, तेही दगडावर लिहिलंय.

त्यातल्या किती क्लबांनी त्याला जिवंतपणी सभासद करून घेतलं असतं, हे मनातल्या मनात मोजत मी उभा होतो. धंदेवाईक खेळाडूला क्लबच्या इमारतीत मागच्या दाराने बोलावलं तर बोलावलं.

कडू_कारलं

शीर्षक वाचून वाटलं इतिहासाचा धागा आहे, उघडला तर गोल्फ. शेकडो एकर जमीन आणि पाणी पिणारा खेळ आणि त्याचे पोवाडे. (हलकं घ्या, पण पूर्ण हलकं नको.)

बाय द वे, "धंदा उभा केला" म्हणजे नक्की काय केलं? सहा-सात पौंडांच्या बक्षिसावर कोणाचं घर चालतं?

ओलावारा

@कडू_कारलं, सेंट अँड्रूजची हिरवळ वाळूवर आपोआप उगवलेली आहे, मेंढ्या चरून कातरायच्या. जमीनही क्लबच्या मालकीची नाही, गावाची आहे. पण आपल्याकडच्या मैदानांबद्दल तुमचं म्हणणं मान्य.

पैशाचं बरोबर पकडलंत. 1868 मध्ये ओपनच्या विजेत्याला सहा पौंड मिळाले. बापाला सेंट अँड्रूजला परतल्यावर मैदान राखायचे वर्षाचे 50 पौंड, वर देखभालीला 20. म्हणजे स्पर्धेवर जगणं शक्यच नव्हतं. खरा पैसा होता खासगी सामन्यांत, आणि तो आजवर साहेबांच्या पैजेतून मेहरबानी म्हणून यायचा. टॉमी आणि त्याचा मित्र डेव्ही स्ट्रॅथ यांनी आपापसातले सामने स्वतः ठरवायला सुरुवात केली. गर्दी यायची, वर्तमानपत्रं छापायची. साहेबाने बोलावलं म्हणून जायचं नाही, आपला भाव आपण सांगायचा. आज ज्याला व्यावसायिक खेळाडू म्हणतो त्याची ही मुळाक्षरं. बापाला हे झेपत नसावं. तो साहेब दिसला की टोपी काढणारा, आणि पोराची टोपी फटक्याच्या जोराने आपोआप उडून पडायची.

सलाईन

वैद्यकीय बाजूने दोन शब्द. 'हृदय तुटून मृत्यू' हा तेव्हाही डॉक्टरांचा निष्कर्ष नव्हता. उजव्या फुप्फुसातली रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव, असं कारण दिलं गेलं. चोवीस वर्षांच्या धडधाकट माणसात असं होतं तेव्हा बहुधा धमनीच्या भिंतीत आधीपासून दोष असतो. दुःखाने माणूस पितो, खात नाही, झोपत नाही, हे सगळं खरं. पण दुःख धमनी फोडत नाही.

तुम्ही डिसेंबरमधल्या त्या सामन्याबद्दल लिहिलं नाहीत. ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

ओलावारा

@सलाईन, हो, ते राहिलंच. 1875 च्या हिवाळ्यात आर्थर मोल्सवर्थ नावाच्या हौशी खेळाडूने आव्हान दिलं. टॉमीने त्याला दर तिसऱ्या होलला एक फटका सूट द्यायची, रोज 36 होल, सहा दिवस. मध्येच बर्फ पडू लागला. हिरवळीवरचा बर्फ झाडून खेळ चालू ठेवला. टॉमी जिंकला. त्यानंतर काही आठवड्यांतच तो गेला.

मित्रांनी त्याला बळेच खेळायला लावलं म्हणतात, जरा माणसात येईल म्हणून. आपल्याकडेही सुतकातून उठलेल्या माणसाला कामाला जुंपतात, तसंच.

गोदाकाठ

नाताळ म्हणून जी हुरहूर लावतात तीही जरा बेतानेच घ्यावी. मी अकरा वर्षं ग्लासगोत आहे. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चला नाताळाचं वावडं होतं, इथे नाताळाची सार्वजनिक सुट्टी 1958 मध्ये सुरू झाली. टॉमी गेला तो दिवस गावात बहुतेकांचा कामाचा दिवस असणार.

मूळची नाशिकची म्हणून एक अवांतर. आमच्या गोल्फ क्लब मैदानावर मी पळायला शिकले, सायकल शिकले, रणजीचे सामने पाहिले. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असं पाटीवर लिहिलंय, पण रिक्षावाल्याला गोल्फ क्लब म्हटल्याशिवाय कळत नाही. जन्मात तिथे एकही गोल्फची काठी पाहिली नाही. ओलावारा, तुमच्या आईला विचारा, त्यांनी पाहिली का.

ओलावारा

@गोदाकाठ, विचारलं. म्हणाली, "आम्ही पाहिले ते क्रिकेटवाले आणि पोलीस भरतीची पोरं."

पुठ्ठा

झाडाच्या चिकाचं काय ते लिहा की. विचारलं तर लिहीन म्हणालात, मी विचारतोय.

ओलावारा

@पुठ्ठा, गटापर्चा. मलायाकडच्या झाडाचा चीक. गरम पाण्यात मऊ होतो, गार झाला की कडक. समुद्राखालून तारायंत्राच्या केबली टाकल्या त्यांना वेष्टण ह्याचंच. 1840 च्या दशकाच्या अखेरीस त्याचे चेंडू निघाले. पिसांच्या चेंडूपेक्षा कितीतरी स्वस्त, भिजले तरी फुटत नाहीत आणि चेपले तर वितळवून पुन्हा वळा. पिसांच्या चेंडूवर पोट असलेल्या रॉबर्टसनच्या पायाखालची जमीनच सरकली. एक दिवस थोरला टॉम हा नवा चेंडू खेळताना दिसला आणि दोघांचं फाटलं. ते भांडण झालं नसतं तर प्रेस्टविक नाही, आणि कदाचित ओपनही नाही.

आता आख्यायिका. सेंट अँड्रूजच्या एका पाद्र्याच्या घरी हिंदुस्थानातून विष्णूची मूर्ती आली. ती फुटू नये म्हणून खोक्यात ह्या चिकाचे तुकडे भरले होते. त्या घरातल्या मुलाने ते वितळवून पहिला चेंडू वळला. खरं-खोटं विष्णू जाणे, पण गोष्ट तिकडे अगदी गंभीरपणे सांगतात.

पुठ्ठा

म्हणजे मूर्ती राहिली बाजूला आणि पॅकिंगने इतिहास घडवला. माझ्या आयडीचं सार्थक झालं.

मोडी_अक्षर

कायमचा पट्टा वाचून फुटबॉल आठवला. विश्वचषकाच्या ज्यूल्स रिमे करंडकालाही असाच नियम होता, तीनदा जिंकला की तुमचा. ब्राझीलने तो 1970 मध्ये नेला. टॉमीने पट्टा नेला 1870 मध्ये. बरोबर शंभर वर्षं! ब्राझीलचा पुढे चोरीला गेला. पट्ट्याचं काय झालं?

ओलावारा

पट्टा सुखरूप आहे. थोरला गेल्यावर नातवंडांनी तो सेंट अँड्रूजच्या रॉयल अँड एन्शंट (आर अँड ए) क्लबला दिला.

इकडेतिकडे

खेळाडू, क्लबचं दार आणि स्मारक यावरून डर्बनचा पापवा सेवगोलम आठवला. भारतीय वंशाचा, कॅडी (खेळाडूंच्या काठ्या वाहणारा) म्हणून सुरुवात, काठी धरायची पद्धतच उलटी, डावा हात खाली. 1959, 60 आणि 64 ची डच ओपन जिंकला. 1963 मध्ये डर्बनलाच नाताल ओपन जिंकला, तर वर्णभेदाच्या कायद्यामुळे क्लबच्या इमारतीत पाऊल टाकायची बंदी. पाऊस पडत होता. गोरे आत, आणि ह्याला करंडक बाहेर दिला. 1965 मध्ये त्याने गॅरी प्लेयरला हरवून पुन्हा जिंकली. लवकरच त्याला अशा स्पर्धांतून बाहेर काढलं. आज डर्बनमध्ये त्याच्या नावाचं गोल्फ मैदान आहे.

कडू_कारलं

@इकडेतिकडे, ह्या माणसावर स्वतंत्र धागा काढा. मी गोल्फच्या धाग्यावर पुन्हा येईन असं वाटलं नव्हतं.

मोगरा_गजरा

मला ती तार सोडवत नाहीये. दोन होल राहिले असताना आली असं वाचलंय, आणि ते खेळून संपवले. दोन होल! बायको मरणाच्या दारात आणि हा काठी फिरवतोय? का बापाने दाबून ठेवली? मी बाळंतपणात अडलेली बाई आहे, मला हे "थोडक्यात उरकतो" चाललं नाही, सॉरी. मार्गारेटबद्दल धाग्यात एकच ओळ आहे आणि त्यातही वय.

ओलावारा

@मोगरा_गजरा, रागावलात ते रास्त आहे. उरकायला नको होतं.

तारेबद्दल दोन्ही प्रकारे सांगतात. कोणी म्हणतं टॉमीने वाचली आणि सामना संपवला, कोणी म्हणतं बापाच्या हातात पडली आणि त्याने सामना संपेपर्यंत खिशात ठेवली. मला दुसरं जास्त पटतं. थोरला टॉम आयुष्यभर दिलेला शब्द आणि लागलेली पैज पाळत आला होता. निर्दयपणा नाही म्हणणार, पण त्या दोन होलांनी काही बदललं नसतं हे आपल्याला आज कळतं, त्याला तेव्हा माहीत नव्हतं.

मार्गारेट व्हिटबर्नची. मोलकरीण म्हणून काम केलेली. लग्नाआधी तिला एक मूल झालं होतं. गावात त्या काळी याचा अर्थ काय, हे तुम्हाला सांगायला नको. देशातला सर्वांत नावाजलेला खेळाडू, ज्याला कोणीही मुलगी दिली असती, त्याने हिच्याशी लग्न केलं. स्मारकाच्या लेखात पट्टा आहे, स्वभाव आहे, ती नाही.

मोगरा_गजरा

हे धाग्यात वर हवं होतं. आता ठीक.

सलाईन

थोरल्याचं पुढे काय झालं? त्यालाही वय बरंच मिळालं ना?

ओलावारा

86 वर्षं. आणि ते वरदान म्हणवत नाही. टॉमीच्या आधी त्याला एक मुलगा झाला होता, त्याचंही नाव टॉमच. तो चार वर्षांचा होऊन 1850 मध्ये गेला. पुढच्या वर्षी झालेल्या मुलाला तेच नाव ठेवलं. टॉमीनंतर वर्षभरात बायको गेली. मग एकेक करून राहिलेली तिन्ही मुलं त्याच्या डोळ्यांदेखत गेली. त्यातला जॉन जन्मापासून पायाने अधू, चाकांच्या फळीवरून फिरायचा आणि बापाच्या दुकानात चेंडू बनवायचा. म्हातारा मैदान राखत राहिला, गावोगावची मैदानं आखत राहिला. हिरवळीवर वाळू पसरली की गवत जोमाने येतं, हे शहाणपण त्याचंच म्हणून सांगतात. मे 1908 मध्ये क्लबात दार चुकला, तळघराच्या जिन्यावरून पडला आणि गेला. मुलाच्या स्मारकाच्या पायाशीच त्याला पुरलंय. त्याचा दगड साधा आहे, आई आधी त्यावरच पाय देणार होती.

गोदाकाठ

अवांतरावर अवांतर: आर अँड ए मध्ये वसंत ऋतूच्या सभासद स्पर्धेत एक 'बॉम्बे सिल्व्हर मेडल' असतं. मुंबईच्या गोल्फ क्लबने 1845 मध्ये भेट दिलेलं. पहिल्याला सिल्व्हर क्रॉस, दुसऱ्याला मुंबईचं.

पुठ्ठा

मुंबई दुसरी? पुण्यातून कोणी आलंय का धाग्यावर?

मोडी_अक्षर

आलोय. गप्प बसलोय.

कडू_कारलं

आईंना शेवटी समुद्र दाखवलात की नाही?

ओलावारा

दाखवला. रविवारी जुन्या मैदानावर खेळ बंद असतो. तुम्हाला विश्रांती नको असली तरी मैदानाला हवी असते, असं थोरला टॉम म्हणायचा म्हणतात. त्या दिवशी गावातली माणसं कुत्री घेऊन फिरायला येतात, कोणी अडवत नाही. आम्ही अठराव्या होलवरून चालत गेलो. त्या होलचं नावच 'टॉम मॉरिस' आहे, आणि हिरवळीच्या कडेला त्याचं दुकान. तिथला छोटा दगडी पूल, ज्यावर जगातले मोठे खेळाडू उभं राहून हात हलवतात, त्यावर आई पदर खोचून उभी राहिली. फोटो काढ म्हणाली. मी काढला, वाऱ्याने पदर तोंडावर आलाय. दुसरा काढू का विचारलं तर म्हणाली राहू दे, पाठीमागे दोन जण थांबलेत, त्यांचं कुत्रं ओढतंय.